हादऱ्यांत आधी स्वतः बसा

केबिन क्रूमध्ये नव्याने दाखल झालेल्यांना माझे पहिले सांगणे हे, की विमान जोरात हादरू लागले की आधी स्वतः बसून पट्टा बांधा. प्रवाशांना सोडून आपण बसलो, ही टोचणी सुरुवातीला लागते, परंतु जखमी झालेला कर्मचारी पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

ढगांतील पाऊस वैमानिकांना हवामान रडारवर दिसतो, कारण ते रडार थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपते. निरभ्र आकाशातील खळबळ मात्र त्यावर उमटत नाही, म्हणून प्रत्येक वेळी पूर्वसूचना मिळेलच असे धरून चालू नये. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर असताना 4.6 सेकंदांत 178 फूट खाली आले, पट्टा न बांधलेली माणसे उसळून जखमी झाली, आणि पट्ट्याची सूचना व तो झटका यांत जेमतेम काही सेकंदांचे अंतर होते.

एवढ्या वेळात जंपसीट, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचे घडीचे आसन, गाठणे शक्य नसते, तेव्हा जवळच्या रिकाम्या प्रवासी आसनावर बसावे, तेही नसल्यास तिथेच खाली बसून आसनाचा हात घट्ट धरावा. ट्रॉलीचा ब्रेक लावावा आणि गरम पेयांची भांडी जमिनीवर ठेवावीत. शेपटीकडील गॅलीत, म्हणजे विमानातील स्वयंपाकाच्या जागेत, हादरे सहसा अधिक जाणवतात, तिथे विशेष जपावे. प्रवाशांना सूचना बसल्या जागेवरूनच द्याव्यात आणि वैमानिकांचा निरोप येईपर्यंत, कोणी बेल वाजवली तरी, उठू नये.