बरणीला कोरडा हात

मस्कत, मे

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा रविवारचा निरोप मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा शब्द कमी आणि ठसकेच जास्त ऐकू आले. आजी खोकतेय, बाबा खिडक्या उघडतायत आणि त्यातच तू विचारतोयस, ‘आई, त्या परदेशी व्हिडिओत चोळतात तसा आपल्यात चिकनला नुसता कोरडा मसाला चोळतच नाहीत का? दर वेळी वाटणच का लागतं? आणि आजी तिच्या बरणीला मला हात का लावू देत नाही?’ फोनवर पाच मिनिटांत सांगून संपवावं असं हे वाटेना, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायलाच बसले.

चोळतात रे. तू लहानपणापासून रोज बघत आलायस, फक्त त्याला वेगळं नाव आहे म्हणून लक्षात आलं नसेल. बाजारातून चिकन आलं की आजी ते धुते, निथळत ठेवते आणि हळद-मीठ चोळून झाकून ठेवते. मग कांदा चिरायला घेते. बोंबील असोत की सुरमई, आधी हळद, तिखट, मीठ, आणि मग रवा किंवा तांदळाचं पीठ. आपण त्याला ‘लावून ठेवणं’ म्हणतो. ‘चिकन लावून ठेवलंय का?’ हे वाक्य आपल्या घरात दर रविवारी ऐकू येतं. तू व्हिडिओत पाहिलंस ते हेच. ते तिथेच थांबतात आणि थेट भाजायला घेतात, आपण पुढे वाटण घालून कालवण करतो.

मग घरभर ठसका का उठला? कारण तू आजीचा साठवणीचा मसाला कोरडाच चोळलास आणि तापल्या तव्यावर ठेवलास. त्यात तुझी चूक एवढीच की तो मसाला त्या कामाचा नाही हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात अर्ध्याहून जास्त मिरचीच असते आणि ती डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, अगदी बारीक कुटलेली. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात. म्हणून आजी आधी तेल तापवते, कांदा परतते, मग मसाला घालते आणि लगेच वर पाण्याचा हबका मारते. कोरड्या तव्यावर तीच पूड काही क्षणांत करपते आणि तिचा धूर नाकाघशात जातो.

आता बरणीचं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आजी मला ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर घेऊन गेली. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, आणि मूठभर लवंगी. ती प्रत्येक पोत्यातली एक मिरची उचलायची, कानाजवळ धरायची आणि मोडायची. कुर्रकन मोडली तर घ्यायची, नुसती वाकली तर पुढे चालायची. घरी आल्यावर चार दिवस गच्चीवर चादर पसरून ऊन दिलं. संध्याकाळी आम्ही दोघी देठ खुडत बसायचो. माझ्या बोटांची इतकी आग झाली की रात्री खोबरेल लावून झोपले. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, हळकुंड, सगळं वेगवेगळं भाजून डब्यात भरलं आणि डंकावर गेलो. तिथे सकाळपासून रांग. आजी नाकाला पदर लावून दोन तास मुसळांच्या समोर उभी राहिली, आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून.

घरी आणलेल्या डब्यात मी हात घातला तर मसाला चांगलाच गरम होता. कुटताना तो तापतो. मला वाटलं, लगेच बरणीत भरून मोकळं व्हावं. आजीने माझा हात धरला. रात्रभर तो धुतलेल्या सुती साडीवर पसरून ठेवला आणि सकाळी गार झाल्यावर भरला. गरम भरला असता तर आत वाफ धरली असती, झाकणाखाली पाण्याचे थेंब जमले असते आणि पावसाळ्यात मसाल्याला जाळी लागली असती. तळाशी, मध्ये आणि वर हिंगाचे खडे. मसाला दाबून दाबून भरायचा, म्हणजे हवा राहत नाही. तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडका, बांधायचा. त्यानंतर वर्षभर त्या बरणीत आजीशिवाय कुणाचा हात जात नाही. आठवड्यापुरता मसाला कोरड्या चमच्याने छोट्या डब्यात काढायचा आणि बरणी परत बांधायची.

तू त्या दिवशी बरणी उघडलीस तेव्हा तुझे हात चिकनचे होते. आजी ओरडली ती त्यामुळे. चार किलो मिरच्यांचं ते वर्षभराचं धन आहे आणि एका ओल्या बोटाने ते सगळं जाऊ शकतं. इथे आले त्या पहिल्याच वर्षी मी ओला चमचा घातला होता. महिन्याभराने डबा उघडला तर वर पांढरी बुरशी. आजीने दिलेला अर्धा किलो मसाला टाकून द्यावा लागला. त्या दिवशी मी जेवले नाही. हे मी आजीला अजून सांगितलेलं नाही, आता तू सांगितलंस तरी चालेल.

तर तुझा चोळायचा मसाला वेगळा कर. आत्ताच कर, ऊन आहे तोवर. मृग लागला की ठाण्यातली हवा कशी होते तुला ठाऊक आहे, पापडसुद्धा सादळतात.

एक किलो चिकनला पुरून उरेल इतका सांगते. चार मोठे चमचे धणे, दोन चमचे जिरं, एक चमचा बडीशेप, चहाचा एक चमचा मिरी, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज. धण्याला वेळ लागतो, जिरं लगेच करपतं, एकत्र टाकलेस तर एक कच्चं राहील आणि एक जळेल. आच मंद ठेव. वास सुटला की ताटात काढ, कढईत ठेवू नकोस, गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत भाजणं चालूच राहतं. आठ ब्याडगी मिरच्या देठ काढून उन्हात कडक कर आणि आजीसारखी कानाशी मोडून बघ. त्या भाजू नकोस, पुढे चिकनबरोबर भाजायच्याच आहेत. दहा-बारा लसणीच्या पाकळ्यांच्या पातळ चकत्या ताटात पसरून, वर जाळी ठेवून, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेव. संध्याकाळी घरात आण. ओली लसूण मसाल्यात अजिबात घालू नकोस. सगळं गार झालं की मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरव. धणे-जिरे भरडच राहू देत, बारीक पुडीपेक्षा भरड मसाला सावकाश करपतो आणि दाताखाली लागतो. शेवटी अर्धा चमचा हळद आणि एक चमचा आमचूर.

मीठ बाटलीत मिसळू नकोस. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, जुलैपर्यंत तुझ्या मसाल्याचा गोळा होईल. शिवाय मीठ चिकनच्या वजनावर ठरतं, मसाल्याच्या नाही. हाडासकट एक किलोला चहाचे सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १० ते १२ ग्रॅम. आणि व्हिडिओत साखर घालतात ती तू गाळ. त्यांच्याकडे ते मांस ११०-१२० अंशांवर मंद धुरात तासन्‌तास ठेवतात, तिथे साखर टिकते. आपल्या तव्यावर ती काळी पडून कडू होईल.

दुकानदाराला टंगड्या सालीसकट द्यायला सांग. धुतल्यावर चाळणीत निथळव आणि मग स्वच्छ कपड्याने टिपून अगदी कोरड्या कर. यात घाई नको, ओल्या चिकनवर मसाला चिकटत नाही, घसरतो आणि ताटात चिखल होतो. चिरा मार आणि आधी नुसतं मीठ चोळ. दहा-पंधरा मिनिटांनी बघ, घाम फुटल्यासारखे बारीक थेंब वर येतील. ते पुसू नकोस. तासाभराने बघितलंस तर बरंचसं पाणी परत आत गेलेलं दिसेल, मीठ बरोबर घेऊन. हे मी तुझ्या वयाची असताना नुसतं बघत बसायचे. मग दोन-तीन चमचे मसाला वाटीत काढ, बाटली बंद करून दूर ठेव आणि त्यानंतरच चिकनला हात लाव. वाटीत उरेल तो टाकून दे, कच्च्या चिकनचा हात लागलेला मसाला परत बाटलीत जाता कामा नये. लोणच्याच्या बरणीला आपण जे पाळतो तेच इथे पाळायचं, फक्त इथे पोट बिघडायची भीती जास्त. रात्रभर फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव, म्हणजे दुसऱ्या कशावर थेंब पडणार नाहीत.

तव्यावर थोडं तेल, मंद आच, वर झाकण, मधून मधून उलटव. ३५-४० मिनिटं लागतील. हाडाजवळ सुरी घालून बघ, येणारं पाणी स्वच्छ असलं पाहिजे, लालसर नको. बाबांकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे, तो हाडाला न टेकवता घातलास तर ७४ अंश दिसायला हवेत. गच्चीवर शेगडी पेटवणार असशील तर निखारे एका बाजूला सार आणि टंगड्या दुसऱ्या बाजूला ठेव, ज्वाळेवर नको.

तू आणखी एक विचारलं होतंस, हे ‘बाहेरचं’ आहे का. आपली मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली आहे, बाळा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती जहाजांतून आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी आणि पिंपळी होती. आपलं ठाणंही १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं, तलावपाळीजवळचं चर्च त्यांच्याच काळापासूनचं. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे त्याच भागातल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांत उन्हाळ्यात मसाला कुटून गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागून रंग उडू नये म्हणून. त्याला ते बॉटल मसालाच म्हणतात. तेही मराठी बोलतात आणि त्यांच्याही घरी ओला चमचा चालत नाही. तूही गडद रंगाची बाटली शोध. नाहीतर आपल्या साध्या काचेच्या बाटलीला कागद गुंडाळ आणि वर तारीख लिही. दोन-तीन महिन्यांत संपव, भाजून कुटलेल्या धण्याजिऱ्याचा वास त्यापुढे उतरतो.

पहिली टंगडी आजीला दे. मीठ कमी असेल तर ती लगेच सांगेल आणि तिचं म्हणणं ऐक. चोळायच्या आधी तिला हात दाखव, कोरडे आहेत म्हणून. बरणी मागू नकोस, ती स्वतः काढून देईल तेवढंच घे.

जूनमध्ये बाबांचे मित्र इकडे यायचे आहेत. त्यांच्याबरोबर तुझा मसाला १०० ग्रॅम पाठव. पिशव्या दोन घाल, एकात एक, आणि भरायच्या आधी दोन्ही उन्हात ठेव.

तुझी,
आई