एसएसएच सिंकसाठी कोणती लायब्ररी? कुठलीच नको

प्रश्न असा आहे की स्वतःच्या व्हर्जन कंट्रोल टूलला (कोडचे बदल नोंदवणारं टूल) एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायची सोय) सिंक जोडायचाय, लिनक्सवर चालतो पण विंडोजवर मध्येच अडकतो, तर लायब्ररी कोणती घ्यावी.

कुठलीच घेऊ नका. मशीनवर आहे तोच एसएसएच प्रोग्रॅम चालवा आणि त्याच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोला. नावाजलेली व्हर्जन कंट्रोल टूल्सही हेच करतात: गिट पलीकडच्या मशीनवर गिट-अपलोड-पॅक चालवतं, मर्क्युरिअल एचजी सर्व्ह, फॉसिल टेस्ट-एचटीटीपी. तिघांच्याही लेखी एसएसएच म्हणजे नुसती नळी. लायब्ररी बसवलीत की युजरची कॉन्फिग फाइल, प्रॉक्सीजंप (मधल्या मशीनमार्गे जाणं), एजंट (की सांभाळणारा प्रोग्रॅम), नोन-होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरची यादी), हार्डवेअर की, सगळं तुमच्या गळ्यात. टर्मिनलमधून लॉगिन होतं आणि तुमच्या टूलमधून होत नाही, ही तक्रार मग कायमची. 'लायब्ररी म्हणजे स्वच्छ डिझाइन' हे मला आजवर पटलेलं नाही. विंडोज १०मध्ये २०१८पासून ओपनएसएसएच क्लायंट सोबतच येतो, त्यामुळे 'विंडोजवर एसएसएच कुठे असतं' हा मुद्दाही संपला.

आता अडकण्याबद्दल. छोटा रिपो (कोडचा साठा) सिंक होतो आणि मोठा अडकतो, असं असेल तर दोष पाइपमध्ये, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या डेटाच्या नळीत आहे. तुम्ही सगळा डेटा लिहून मग वाचायला बसताय. पलीकडचा तेवढ्यात उत्तर द्यायला लागतो, त्याचा पाइप भरतो, तो थांबतो. मग तुमचा भरतो, तुम्ही थांबता. लिनक्सवर पाइप ६४ केबीचा, म्हणून चूक लपून राहते. विंडोजवर आकार शून्य दिला की सिस्टिम आपल्या मर्जीचा, सहसा बराच छोटा बफर देते, आणि तीच चूक लगेच उघडी पडते. वाचायला वेगळा थ्रेड ठेवा. स्टँडर्ड एररसुद्धा उपसत राहा. तो तुंबला तरी हेच होतं.

सगळा डेटा गेला, पण पलीकडचा शेवटाची वाट बघत बसलाय? मग हँडल इनहेरिटन्स बघा. पाइपचं लिहिण्याचं टोक चाइल्ड प्रोसेसलाही (तुम्ही सुरू केलेल्या एसएसएचला) वारशाने मिळतं. तुम्ही आपलं टोक बंद करता, पण त्याच्याकडे दुसरं उघडंच असतं, म्हणून एंड-ऑफ-फाइल कधी येतच नाही. आपल्याकडच्या टोकावरून इनहेरिट फ्लॅग सेटहँडलइन्फर्मेशन या विंडोज फंक्शनने काढा, आणि तोही प्रोसेस सुरू करण्याआधी. युनिक्सवर याच कामाला क्लोज-ऑन-एक्झेक.

अडकत नाही पण डेटा बिघडतो? विंडोजवर सी-रनटाइम (सी भाषेची मूळ लायब्ररी) टेक्स्ट मोडमध्ये सुरू होतं: लिहिताना बाइट १०च्या (नवी ओळ) आधी १३ घुसवतं, वाचताना बाइट २६, म्हणजे कंट्रोल-झेड, दिसला की फाइल संपली असं मानतं. कॉम्प्रेस केलेल्या पॅकमध्ये २६ येणारच. दोन्ही स्ट्रीम बायनरी करा. एसएसएचला टी फ्लॅगही द्या, कॅपिटल, म्हणजे ते टर्मिनल जोडणार नाही. टर्मिनल जोडलं गेलं तर तेही ओळींच्या शेवटात ढवळाढवळ करतं.

'होस्ट:पाथ' असा पत्ता वाचताना 'सी:' हा ड्राइव्ह आहे, होस्ट नाही, हे आधी तपासा. डॅशने सुरू होणारं होस्टनेम सरळ नाकारा. २०१७मध्ये गिट, मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन तिघांनाही याच भोकातून धोका निघाला होता: होस्टच्या जागी प्रॉक्सीकमांडचा ऑप्शन घालून हवी ती कमांड चालवता यायची. पलीकडचा पाथ सिंगल कोटमध्ये घाला, कारण तो तिथल्या शेलकडे जातो (पलीकडे विंडोजचं सीएमडी असेल तर हे कोट चालत नाहीत). पलीकडच्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना चालणारी फाइल) एखादा एको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड असेल तर तुमच्या प्रोटोकॉलची पहिली ओळ तीच येईल. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरने टाकलेला प्रोग्रॅम एसएसएचने गेल्यावर पाथमध्ये (शेल प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नसतो, म्हणून पलीकडच्या प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ देता येईल असं सेटिंग ठेवाच. एसएसएचची कमांडही बदलता यायला हवी. प्लिंक (पुट्टीसोबतचा एसएसएच क्लायंट) वापरणारे अजून आहेत, आणि त्याला पोर्ट कॅपिटल पीने लागतो.

चाचणीला ०पासून २५५पर्यंतचे सगळे बाइट असलेली दहा-वीस एमबीची फाइल दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवा आणि एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुराचा ठसा) जुळवा. लिनक्स, विंडोज, मॅक अशा तिन्ही सिस्टिमवर.

आयफोनवर चालवायचं असेल तर मात्र लायब्ररीच लागेल. तिथे ॲपला दुसरी प्रोसेस सुरू करता येत नाही.