पोलंडमध्ये कॅथलिक चर्च राजकीय सुधारणांच्या आड आलं होतं का?

सरसकट 'हो' म्हणता येणार नाही, पाद्री दोन्हीकडे होते. ३ मे १७९१ ची राज्यघटनाच बघा. ती लिहिणाऱ्यांत ह्यूगो कोवोंताय हा स्वतः धर्मगुरू. एकाच सभासदाने 'नाही' म्हटलं की अख्ख्या संसदेचं काम ठप्प व्हायचं. तो नकाराधिकार या घटनेने मोडीत काढला. पण पहिलंच कलम कॅथलिक धर्माला राष्ट्राचा प्रमुख धर्म ठरवतं: इतरांना उपासनेची मुभा, कॅथलिक धर्म सोडणं मात्र गुन्हा! त्याच दिवशी शपथविधीही झाला तो वॉर्साच्या सेंट जॉन चर्चमध्ये.

दुसऱ्या बाजूला बिशप कोसाकोव्स्की आणि मासाल्स्की. रशियाच्या जोरावर ही घटना उलथवणाऱ्या तार्गोवित्सा गटाला दोघे जाऊन मिळाले. १७९४ च्या रशियाविरुद्धच्या उठावात दोघेही वॉर्सात फासावर गेले. कोसाकोव्स्की खटला चालून, मासाल्स्की जमावाच्या हातून. गंमत म्हणजे हेच मासाल्स्की १७७३ च्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे पहिले अध्यक्ष. पोपने जेझुइट हा शाळा चालवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंचा संघ बरखास्त केल्यावर त्या संघाच्या मालमत्तेवर हा आयोग उभा राहिला, आणि त्याच पैशांच्या अफरातफरीचा ठपका मासाल्स्कींवर आला.