फोनचं नंतर बघू, आधी त्या इंजेक्शनांचं बोलू

नाशिकच्या एका ३१ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "ताई, लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल. मी गुपचूप जाऊन सीमेन टेस्ट केली, काउंट ९ मिलियन आला. माझं फिल्डवर सेल्सचं काम, दिवसभर फोन पँटच्या खिशात नाहीतर कानाला. रील्समध्ये बघितलं की रेडिएशनने हेच होतं, म्हणून १,४०० रुपयांचा अँटी-रेडिएशन स्टिकर मागवलाय. बाकी मी फिट आहे, जिमला जातो, ट्रेनरने सांगितलेला टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा कोर्स चालू आहे. घरी कुणाला सांगितलं नाही. आई बायकोला घेऊन वैद्य, उपास-तापास करत फिरतेय. हे फोनमुळेच झालं ना?"

अरे, सगळं पत्र तू फोनवर लिहिलंस आणि मी अडकले त्या इंजेक्शनच्या ओळीवर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि वृषणांना काम करा म्हणून जे हार्मोन तो पाठवतो, एलएच आणि एफएसएच, ते तो थांबवतो. ते थांबले की शुक्राणू बनणं मंदावतं, काही जणांचा काउंट तर चक्क शून्यावर येतो. वरून शरीर पिळदार, आत कारखाना बंद. जिममध्ये हे कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण तुझ्यासारखी कितीतरी पोरं "मर्दानगी वाढेल" म्हणून घेतात आणि बाप व्हायची वेळ आली की हादरतात.

आता फोन. तुझी भीती अगदीच हवेतली नाहीये. प्रयोगशाळेत शुक्राणूंजवळ फोन ठेवल्यावर त्यांची हालचाल कमी झालेली दिसलीय, पण काचेच्या भांड्यातले शुक्राणू वेगळे आणि कातडी-मांसाच्या आतले वेगळे. माणसांवरचा मोठा अभ्यास स्वित्झर्लंडचा, २०२३ मध्ये आला, १८ ते २२ वयाची २,८८६ मुलं. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांचा काउंट दर मिलीलीटरला साधारण ४४.५ मिलियन आणि आठवड्यात फार तर एकदा वापरणाऱ्यांचा ५६.५. फरक आहेच, पण तो फोनमुळेच पडला हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि फोन खिशात ठेवण्याशी तर काही संबंध सापडला नाही. शिवाय बघ, डब्ल्यूएचओ नॉर्मल काउंटची खालची मर्यादा १६ मिलियन धरते, म्हणजे जास्त फोन वापरणारी मुलंसुद्धा तिच्या कितीतरी वर आहेत. तुझे ९ एकट्या फोनच्या माथी मारता येत नाहीत रे.

तरी फोन शर्टच्या खिशात किंवा बॅगेत ठेव, इअरफोनवर बोल, फुकटचं काम आहे आणि अंतर वाढलं की रेडिएशन झपाट्याने कमी होतं. लॅपटॉप मांडीवर घेत असशील तर ते मात्र बंदच कर, वृषणं शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड लागतात. स्टिकर परत कर, सिग्नल अडला तर फोन उलट जास्त पॉवर टाकतो.

पुढचं इंजेक्शन घेऊ नकोस आणि याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जा, ट्रेनरकडे नाही. कोर्स कधी सुरू केला, कुठलं औषध, किती डोस, सगळं खरं सांग, लाजू नकोस, त्यांनी असे पेशंट खूप बघितलेत. बंद केल्यावर काही महिने थकवा, उदासपणा येऊ शकतो म्हणून डॉक्टर सोबत हवेतच. ते हार्मोनच्या टेस्ट करतील, व्हेरिकोसील आहे का बघतील, म्हणजे वृषणाच्या नसा फुगलेल्या असणं, हे खूप पुरुषांत निघतं आणि त्यावर इलाज आहे. तंबाखू-सिगरेट असेल तर तेही सांग. एका रिपोर्टवर काही ठरत नाही, टेस्ट पुन्हा करावी लागते, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात आणि इंजेक्शनांनंतर सावरायला सहा महिने, वर्ष, कधी जास्तही लागतं, तेव्हा पंधरा दिवसांत रिपोर्ट बदलला नाही म्हणून घाबरू नकोस. बहुतेकांचा काउंट परत येतो.

आणि जे तू विचारलंच नाहीस ते. तुझा रिपोर्ट तुझ्या कपाटात आहे आणि उपास बायको करतेय. तिच्या टेस्ट नॉर्मल आहेत हे माहीत असून तू तिला वैद्यांकडे जाऊ देतोयस, हे मला अजिबात पटलेलं नाही. तू वाईट नाहीस, घाबरलायस, कळतं मला. पण मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण असतंच, यात लपवण्यासारखं काही नाही. आज रिपोर्ट तिच्या हातात दे, इंजेक्शनांचंही सांग, ती चिडली तर चिडू दे, मध्ये बोलू नकोस. डॉक्टरकडे दोघं मिळून जा. आणि आईला सांगायचं काम तू स्वतः करायचंस, बायकोवर ढकलायचं नाही.