आफ्रिकेत गाइडशिवाय, स्वतः गाडी चालवत सफारी करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांचं कुटुंब, मे महिन्याची सुट्टी, केनियातल्या मसाई माराच्या टूरचे भाव ऐकून पोटात गोळा आलाय आणि कुणीतरी सांगितलंय की दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात म्हणे आपली आपण गाडी घेऊन फिरता येतं. हे खरं आहे का, आणि असलं तर जिवावरचं आहे का?

खरं आहे. आम्ही मागच्या मे महिन्यातच जाऊन आलो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि बहात्तरीच्या सासूबाई. सहाही दिवस गाडी मी चालवली, कारण नवरा एकदा पक्षी बघायला लागला की रस्ता बघत नाही.

आधी माराचं उरकते. लाखो विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी हरणं) नदी ओलांडतात ते दृश्य डोळ्यांपुढे ठेवून मे महिन्यात जात असाल तर जाऊच नका. ते कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर माराच्या बाजूला असतात. मे महिन्यात ते खाली टांझानियात, सेरेंगेटीत, आणि केनियात पावसाळा. शिवाय 2024 पासून परदेशी माणसाला माराचं प्रवेशशुल्क दिवसाला 100 डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर 200. माणशी. मग गाडी, ड्रायव्हर, राहणं वेगळंच.

क्रुगरमध्येही परदेशी माणसाला दिवसाचं शुल्क स्थानिकांच्या चौपटीहून जास्त आहे, पण गाडी आपली, स्वयंपाक आपला, त्यामुळे एकूण हिशेब बसतो. मुख्य रस्ते डांबरी, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे. नाशिक-मुंबई चालवणाऱ्या माणसाला तिथे चालवणं म्हणजे विश्रांती आहे. वेगमर्यादा डांबरीवर ताशी 50, कच्च्या रस्त्यावर 40. आणि 50 ने गेलात तर काही दिसणार नाही. आम्ही 25 च्या वर क्वचित गेलो.

भीतीबद्दल. नियम एकच, आणि तो मोडला नाही तर फारसं काही होत नाही: ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, हात-डोकं बाहेर काढायचं नाही. सिंह गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. मला भीती वाटली ती एकदाच, हत्तीची. लोअर साबी नावाच्या कॅम्पच्या वरच्या अंगाला एका वळणावर समोरून एकटा नर रस्त्याच्या मधोमध चालत येत होता. कानशिलावरून काळे ओघळ, मागचे पाय आतल्या बाजूने ओले. मद गळणं म्हणजे काय हे पोथ्यांमध्ये ऐकलेलं, त्या दिवशी काचेतून पाहिलं. असा हत्ती दिसला की थांबून फोटो नाही काढायचा, मागे जायचं. मी रिव्हर्समध्ये दोनशे मीटर तरी गेले असेन. माझ्या मागची गाडीही मुकाट्याने मागे गेली, तिच्या मागचीही. वीस मिनिटं आमची वरात उलटी चालली आणि तो आपल्या तालात पुढे. मग काही कारण नसताना उजवीकडच्या झाडीत शिरला आणि तेवढा डोंगर पाच सेकंदांत दिसेनासा झाला. लेक तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही, हा घरातला विक्रम.

आता तयारी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून हजारेक रुपयांत मिळतं, ते घ्या. गाडीची अनामत रक्कम ज्या क्रेडिट कार्डावर अडकवतात ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, हे आम्हाला जोहान्सबर्ग विमानतळावरच्या काउंटरवर कळलं. कार्ड नवऱ्याचं, चालवणार मी. दीड तास हुज्जत. शेवटी मुख्य चालक म्हणून त्याचं नाव घातलं आणि दुसरी चालक म्हणून माझं, जादा पैसे भरून. बुकिंग करताना कंपनीने हे कुठे ठळकपणे सांगितलं नव्हतं. तुम्ही आधीच विचारून घ्या.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस घेऊन टाका. दक्षिण आफ्रिकेत तो ताप नाही, पण मधला थांबा लांबला तर तिकडे जाताना आणि परत मुंबईत उतरताना लस घेतल्याचं कार्ड विचारू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरिया मात्र तिथे आहे, तिथल्या पावसाळ्यात (म्हणजे आपल्या हिवाळ्यात) जास्त, तिथल्या थंडीत कमी. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, सोबत लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

राहायला उद्यानाच्या आतच राहा. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा, ओलिफंट्स, लेटाबा असे कॅम्प आहेत. (सतारा ऐकून सासूबाईंना माहेर आठवलं, त्या साताऱ्याच्या.) भोवती विजेचं कुंपण, आत गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, ओट्यावर फ्रीज आणि चुलीची जागा. फ्रीजला कडी का असते ते पहिल्याच सकाळी समजलं. मी कडी लावायला विसरले आणि एक माकड आमचा अख्खा पाव घेऊन छपरावर जाऊन बसलं. बुकिंग दहा-अकरा महिने आधी उघडतं, चांगले कॅम्प भराभर जातात. त्यांच्या शाळांच्या जून-जुलैच्या सुट्टीच्या आधी, मे महिन्यात, त्या मानाने बरं मिळतं. गवत वाळायला लागलेलं असतं, जनावरं पाण्यावर यायला लागतात, पहाटे स्वेटर लागतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर उकाडा आणि पहिला पाऊस धरून चाला, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पाडसं दिसतील.

एक फायदा कुणी सांगत नाही: तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे पहाटेचे चार म्हणजे आपल्या शरीराला साडेसात. मे महिन्यात कॅम्पचं फाटक सहाला उघडतं, आम्ही कुणाला न उठवता पावणेसहाला चहा पिऊन रांगेत असायचो. संध्याकाळी साडेपाचला मात्र आत असायलाच हवं, नाहीतर दंड. अंधारानंतर बाहेर पडायचं तर उद्यानाच्या उघड्या ट्रकमधून, त्यांच्या माणसाबरोबर. एकदा जरूर जा. सहा वर्षांवरची मुलं चालतात. पायी फिरायला बंदूकवाल्या दोन रेंजरांबरोबर नेतात, पण त्याला बारा वर्षं पूर्ण लागतात. आमची लेक काही महिन्यांनी हुकली आणि अजून ते ऐकवते.

आणि कृपा करून सगळं उद्यान बघायचा बेत आखू नका. 1898 साली साबी नदीकाठच्या राखीव रानापासून सुरुवात झाली, 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1927 मध्ये पर्यटकांना खुलं झालं तेव्हा वर्षभरात तीन गाड्या आल्या होत्या. आज ते 19,000 चौरस किलोमीटरच्या वर आहे, आमच्या अख्ख्या नाशिक जिल्ह्याहून मोठं, उत्तर-दक्षिण साधारण साडेतीनशे किलोमीटर. दक्षिणेचा अर्धा भाग धरा, दोन कॅम्प, तीन-तीन रात्री. पुष्कळ झालं.

स्कुकुझा हे नाव पहिले वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना लोकांनी दिलेलं. अर्थ, झाडून साफ करणारा. कौतुकानेच दिलं होतं असं नाही, त्यांनी त्या भागात राहणाऱ्यांनाही हलवलं होतं. पुढे 1969 मध्ये उत्तरेकडच्या माकुलेके लोकांना जमीन सोडावी लागली, ती त्यांना 1998 मध्ये कायद्याने परत मिळाली. ताडोब्यातून उठवलेल्या गावांबद्दल वाचलं असेल तर हे ओळखीचं वाटेल.

कॅम्पमध्ये आज कुठे काय दिसलं याचा फलक असतो. त्यावर गेंडा नसतो. शिकारी टोळ्या तोच फलक वाचतील म्हणून. तुम्हाला दिसला तर फोटो टाकताना ठिकाण टाकू नका. ‘बिग फाइव्ह’च्या यादीचंही फार मनावर घेऊ नका. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याची पाच जनावरं, अशी ती शिकाऱ्यांची यादी. तुम्हाला काय करायचीय?

हे मी ताडोब्याच्या अनुभवावरून सांगते. तिथे जिप्सी वाघामागे पळते, आपण बाकीच्या रानाच्या मागे पडतो. स्वतःच्या गाडीचा खरा फायदा स्वस्ताईत नाही, गाडी बंद करून बसून राहता येतं यात आहे. लोअर साबीजवळ, फाटकापासून किलोमीटरभरावर सनसेट डॅम म्हणून तळं आहे, रस्त्याला अगदी लागून. एका दुपारी आम्ही तिथे अडीच तास बसलो. पाणघोडे पाण्यात कुरकुरत होते, काठावर मगरी तोंडं उघडून पडलेल्या, पिवळ्या चोचीचा एक करकोचा एका पायाने चिखल ढवळत मासे उठवत होता. मग एक इम्पालाची मादी पाण्यावर आली. मान खाली घातली, ओठ टेकायच्या आत उडी मारून मागे. पुन्हा आली. पाण्यावर नुसती हवेची सुरकुती, तरी मागे. तिसऱ्यांदा पुढचे दोन्ही पाय फाकवून, कान मागे वळवून, इतक्या हळू वाकली की मागच्या सीटवरून सासूबाई पुटपुटल्या, “पी गं बाई एकदाची.” प्यायली. नऊ-दहा घोट असतील. मागे वळली तेव्हा कळलं, आम्ही चौघंही श्वास धरून बसलो होतो.

खाण्याचं विचाराल म्हणून सांगते: जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात आपलं सगळं वाणसामान मिळतं. उद्यानातल्या म्लोंडोझीच्या पिकनिक जागेवर गॅसवरची खोलगट, रुंद लोखंडी कढई भाड्याने मिळते, त्यात खाली धरणावर आलेले हत्ती बघत मी कांदेपोहे केले. शेंगदाणे मात्र झाकून ठेवा.

आणि हो, सिंह. दिसला. पाचव्या दिवशी, सतारा कॅम्पजवळच्या एस-100 या कच्च्या रस्त्यावर, अकरा गाड्यांच्या गर्दीत, चाळीस मिनिटं थांबून. तो गवतात झोपला होता. लेकीने वहीत तारीख घालून यादी केलीय, त्यात सिंहापुढे कंसात लिहिलंय: फक्त शेपूट.