स्पीड ९४ वरच अडकतंय? आधी वायर बघ

भावा, नेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वायर लावून पण दर वेळी ९३-९४ च येतंय म्हणतोस ना, मग कंपनीला फोन लावायच्या आधी केबल बघ. हा आकडा म्हणजे राउटर आणि लॅपटॉपमधली लिंक १०० वर जुळलीय. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघड, लिंक स्पीड १०००/१००० दिसायला पाहिजे. केबलमध्ये आठ तारा असतात, १०० ला चारच पुरतात पण गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात, त्या जादाच्या चारातली एक जरी तुटली तरी बहुतेक वेळा गुमान १०० वर येतं आणि नेट चालूच राहतं म्हणून कळतच नाही कुणाला.

आमच्या सांगलीच्या घरी हेच झालेलं, दोन दिवस राउटर रिसेट करत बसलो आणि शेवटी प्लग उजेडात धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती! नवीन प्लग मारला, लगेच १०००.

तू आधी एक छोटी चांगली केबल राउटरमधून थेट लॅपटॉपला लाव. तरी १०० च दिसलं तर राउटरचे लॅन पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची भोकं, बघ, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरला १०० चेच असतात, मग केबल बदलून उपयोग नाही. आणि वायर घेताना कॅट ६, पूर्ण तांब्याचीच माग, ॲल्युमिनियमवाली अजिबात घेऊ नको.