घडीचा चाकू रोज खिशात ठेवणं विचित्र आहे का? जुने चाकू जमवायला सुरुवात कुठून करावी?

विचित्र नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

तुम्ही लिहिलंय की पणजीत नोकरीला आहात, ऑफिसात केकच्या खोक्याची दोरी कापायला खिशातून चाकू काढलात, शेजारच्या टेबलावरची बाई दचकली आणि तेव्हापासून सगळे तुम्हाला ‘भाई’ म्हणतात. वाचून हसू आलं नाही, रागच आला. माझ्या लहानपणी फोंड्याच्या बसमध्ये कमरेला कोयता अडकवलेला माणूस चढला तर कंडक्टर एवढंच सांगायचा, मागे उभा राहा. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, सूर (माडी) काढून माडावरून उतरला की कमरेची काती, म्हणजे सूर काढायचं पातं, तशीच ठेवून तिठ्यावरच्या दुकानात चहा प्यायचा. त्या कातीने पोयीचा (आमच्याकडच्या पावाचा) काप काढला तर कागदासारखा पातळ निघायचा. त्याला कुणी भाई म्हटलं नाही. सुपारीच्या कुळागरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या चंचीत अडकित्ता, नाहीतर लहानसा चाकू असायचाच. आता तीन इंचांचं पातं बघून माणसं दचकतात, कारण त्यांनी चाकू फक्त सिनेमात बघितलाय. भाजी ऑनलाइन येते तीसुद्धा चिरून.

मी फिटरचा इन्स्ट्रक्टर होतो, सरकारी आयटीआयमध्ये, आता निवृत्त. घरात कोंकणी बोलतो, लिहितो मराठीत, त्यामुळे मधूनमधून आमचे शब्द येतील, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा घडीच्या चाकूला कानिवेत म्हणायचे. शब्द पोर्तुगीज. त्यांनी तो 1961 च्या आधी मडगावात घेतला होता. 1955 साली भारताने नाकेबंदी केल्यावर पलीकडून येणारा माल अडला, पण बोटीने येणारा विलायती माल इथल्या दुकानांत भरलेला असायचा. काळ्या शिंगाची मूठ, एकच पातं, बोटाएवढं. पात्यावर कारखान्याचा छाप आणि त्याखाली बारीक अक्षरांत गिमाराइंश. ते उत्तर पोर्तुगालमधलं सुऱ्या-चाकूंसाठी नावाजलेलं गाव, हे मला चाळिशीत कळलं. आजोबांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तो आंब्याचं कलम बांधायला, विड्याची देठं खुडायला, तवसं कापायला, टपालाची पाकिटं फोडायला आणि माझ्या पेन्सिलींना टोक काढायला लागायचा. सकाळी धोतर नेसलं की तो कनवटीला गेलाच पाहिजे. नसला तर अख्ख्या घराला ऐकू जायचं, “कितें रे, कानिवेत खंय आसा?” की आम्ही पोरं शोधायला पळायचो. हातातून हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. घडी करून बाकड्यावर ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. हातात दिला तर भांडण होतं म्हणे. पुढे झालं ते बघता, त्या नियमात तथ्य असावं असं वाटतं.

त्या पात्याचा रंग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तोरं, कैऱ्या, आंबाडे, कोकमं चिरून चिरून ते काळंनिळं झालं होतं, पावसाळी ढगासारखं. साध्या पोलादावर आंबटाने असा थर चढतो. तो लाल गंज नव्हे. उलट लाल गंजाला काही अंशी तोच अडवतो. ज्या चाकूवर असा थर आहे तो कुणीतरी वापरलेला आहे, एवढंच समजायचं. स्टेनलेसवर असं काही होत नाही, म्हणून स्टेनलेसचा जुना चाकू आणि नवा चाकू सारखेच निर्विकार दिसतात.

आजोबा 1994 साली गेले. बारावं झाल्यावर वस्तू वाटल्या गेल्या. मी घरातच राहणारा, कुळागर बघणारा, चाकू वापरणारा. पण दादा थोरला. तो पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, बँकेत होता. “आठवण म्हणून मी ठेवतो,” म्हणाला आणि आईने बाकड्यावर ठेवलेला चाकू त्याने उचलला. मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसलो ही चूकच झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या चतुर्थीला सगळे घरी जमलो. गोव्याबाहेरचे असाल तर सांगतो, आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला कांगलां, माट्टी, घागऱ्या, आंबाडे, निरफणस, सुपारीची शिपटी असं रानातलं आणि बागेतलं सगळं टांगायचं. बांधायला सुतळी चालत नाही, केवणीच्या सालीचे दोर लागतात. ओली साल सोलायची, पट्ट्या काढायच्या, गाठ मारून उरलेलं कापायचं. हे काम आजोबांच्या कानिवेताचं. मी स्टुलावर चढलेला. वरूनच म्हटलं, दादा, चाकू आणलास ना?

आणला होता. मखमलीच्या डबीत. त्याने डबी उघडली आणि मला वाटलं आत चमचा आहे. आरशासारखं पातं! कुठल्यातरी बफिंगवाल्याकडून घासून, पुसून, चमकवून आणलेलं. काळानिळा रंग गेलेला. छाप गेलेला. गिमाराइंश गेलेलं. पोटाकडून पातं चांगलं मिलिमीटरभर झिजलेलं आणि टोकाजवळ एक निळसर झाक.

ती झाक बघून माझ्या पोटात गोळा आला. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ती कळते. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, मग तापवून थोडं नरमवतात आणि किती तापलं ते रंगावरून ओळखतात. फिकट पिवळा 220-230 अंशांना येतो, निळा 300 च्या आसपास. चाकूच्या धारेला निळं चढलं याचा अर्थ सुसाट फिरणाऱ्या चाकावर, मध्ये पाण्यात न बुडवता, ती दाबून धरली होती. धारेचं पाणी उतरलं. चाकू दिसायला चाकू, पण आतून चमचाच.

मी हे सगळं स्टुलावरूनच बोललो. जरा चढ्या आवाजात. दादा म्हणाला, “गंज काढला तर एवढं काय बिघडलं? तुझं आपलं नेहमीचंच.” वहिनी म्हणाली, छान दिसतोय की. मी खाली उतरलो, चाकू घेतला आणि केवणीच्या पट्ट्या कापायला लागलो. तिसऱ्या पट्टीला धार मुडपली. नखावर फिरवून त्याला दाखवली. त्याने चाकू रुमालाला पुसला, मखमलीत ठेवला, डबी मिटली. माटोळी त्या वर्षी आदोळीच्या (विळीच्या) पात्याने आणि तोंडाने बांधून झाली. तेव्हापासून तो चाकू पर्वरीच्या फ्लॅटात काचेच्या कपाटात, संगमरवरी ताजमहाल आणि पुतण्याचे बॅडमिंटनचे कप यांच्यामध्ये.

तुमचा दुसरा प्रश्न जमवण्याचा होता.

माझ्याकडे सतरा आहेत. पहिला घेतला तो या भांडणानंतरच, हणजूणच्या बुधवारच्या बाजारात, एका फ्रेंच माणसाकडून. ओपिनेल, आठ नंबर. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोझेफ ओपिनेलने 1890 साली हा चाकू बनवायला सुरुवात केली (आमच्या फोंड्यातल्या सावईशी संबंध नाही, मी मात्र त्याला सावईकर म्हणतो). बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि 1955 पासून पातं जागेवर अडकवणारी फिरती कडी. शेतकऱ्यांसाठी बनवलेला स्वस्त चाकू, म्हणूनच उत्तम. पण गोव्यात त्याची एक खोड आहे, ती फ्रेंच माणसाने सांगितली नव्हती. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून लागला की मूठ फुगते आणि पातं आत असं रुतून बसतं की नख तुटेल पण निघणार नाही. तिकडचे लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटतात, मग पातं जरासं डोकं वर काढतं. मी खाचेत आतून पॉलिश पेपर फिरवला आणि मेण वितळवून पाजलं. तेव्हापासून चतुर्थीलाही सुरळीत उघडतो.

स्विस चाकू घ्यायचा तर लहान 58 मिलिमीटरवाला घ्या, किल्ल्यांना अडकवा, ऑफिसात कुणी दचकणार नाही. कात्रीच जास्त वापराल. रामपुरीचं आकर्षण सगळ्यांना असतं. रामपूरने तर 2023 मध्ये चौकात सहा मीटरचा चाकू उभा केला. एखादा असावा, पण डब्यात. तो खटकन उघडला की तुम्ही सुपारी कापताय यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. बाकी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोहारकामाच्या दुकानांपुढे बसा. तिथे घडीचे चाकू नसतील कदाचित, पण लहान सुऱ्या, कोयत्या, आदोळ्या हातात घेऊन बघा. पातं कसं घडवलंय ते आधी ओळखायला शिका, फ्रेंच-जपानी नंतर. आणि सगळ्यात आधी, पैसे खर्च करण्याआधी, गावच्या घरी जा आणि माळ्यावरचा, आज्जीच्या ट्रंकेतला, देवघराच्या खणातला चाकू शोधा. मिळाला तर कुणालाही कळू न देता खिशात घाला. विशेषतः थोरल्या भावाला.

मिळालेला जुना चाकू चमकवू नका. हे मी तीनदा लिहिलं असतं, पण एकदाच लिहितो. लाल गंज असेल तर तेल लावून तांब्याच्या नाण्याने खरवडा आणि थांबा. धार हाताने, ऑइलस्टोनवर, पंधरा-वीस अंशांत. दगड नसेल तर कपाच्या बुडाची खरखरीत कडा चालते. चाकावर कधीच नाही. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं. उंची तेलं विकणारे खोबरेलाला नाकं मुरडतात. वर्षभर पडून राहिलं तर ते चिकट होतं हे खरं, पण वर्षभर चाकू पडूनच ठेवणार असाल तर प्रश्न तेलाचा नाहीये.

इथे दादाचा मुद्दाही लिहायला हवा, नाहीतर पुतण्या हे वाचून त्याला सांगेल. दादा म्हणतो, तुझे सतरातले तेरा बिस्किटाच्या डब्यात पडलेत, माझा एक काचेत आहे, फरक काय? फरक आहे. माझे तेरा आळीपाळीने बाहेर येतात. खंडेनवमीला सगळे पाटावर मांडतो, आदोळी आणि पान्यांच्या शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एक खिशात जातो. सगळे जातात असं मात्र नाही. दोन-तीन मी गेल्या पाच वर्षांत उघडलेले नाहीत. बरं.

कायद्याचं राहिलंच. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात, आणि घरगुती, शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे तुमचा तीन इंचांचा चाकू त्यात बसत नाही. पण बटणाचे, स्प्रिंगचे चाकू वेगळे. दिल्लीत 1980 पासून अशा 7.62 सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या चाकूंवर बंदी आहे, तिकडे जाताना नेऊ नका. निवडणुकीच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, तेव्हा घरी ठेवा. दाबोळी असो की मोपा, विमानाला जाताना चाकू मोठ्या बॅगेत घालून चेक-इन करा, हातातल्या बॅगेत नको. कोर्ट, कॅसिनो, शाळा यांचं सांगायला नको. आणि रात्री अकरा वाजता बारबाहेर उभं राहून हवालदाराला “ही परंपरा आहे” म्हणू नका. त्याला परंपरा माहीत आहे, त्याच्याही आजोबांकडे चाकू होता, पण तुम्ही उर्राक (काजूची दारू) प्यायलेले असाल.

ऑफिसातल्या बाईला एकदा तुमच्या चाकूने पेरू कापून द्या, मीठ लावून. केकपेक्षा ते बरं.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या पंधरवड्यात दादाचा फोन आला होता. कपाट साफ करताना त्याने डबी उघडली, चाकू उघडेना. मखमलीने इतक्या पावसाळ्यांतली ओल धरून ठेवली आणि पात्यावर अडवायला काही उरलं नव्हतं, जोडातच गंज धरला. “काय करू?” म्हणाला. तीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. फोनवर म्हटलं, जोडात दोन थेंब तेल सोड, रात्रभर उभा ठेव, पक्कड लावू नकोस. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तूच बघ, चतुर्थीला घेऊन येतो. म्हटलं, आण. डबी नको आणू.